हंगामी सोशल मीडिया मोहीम: शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत कशी आखायची

सण दोन दिवसांवर आला की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "अरे, आपण काही टाकलं का?" मग धावपळीत एक पोस्टर होतं. कोपऱ्यात लोगो, मध्ये शुभेच्छा, खाली फोन नंबर. शंभरेक लाइक येतात, त्यातले निम्मे आपल्याच माणसांचे. ऑर्डर एकही येत नाही, आणि 'आपल्या धंद्याला सोशल मीडियाचा उपयोग नाही' असं ठरून जातं.

पोस्टर वाईट नसतं, उशिरा आलेलं असतं. तोवर गिऱ्हाइकाची खरेदी उरकलेली असते, देणगीदारानं या वर्षीची रक्कम दुसऱ्या संस्थेला दिलेली असते, पालकांनी प्रवेश घेऊन टाकलेला असतो. म्हणून या लेखात डिझाइनबद्दल कमी आणि क्रमाबद्दल जास्त लिहिलं आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमानं करा. चौथा टप्पा गाळून थेट पाचव्यावर उडी मारणारे पुष्कळ असतात, आणि ऐन हंगामात अडकतात तेही चौथ्यातच.

## टप्पा १: कोणता हंगाम तुमचा, ते ठरवा

कॅलेंडरवरच्या प्रत्येक दिवसाला पोस्ट टाकणं ही मोहीम नव्हे. वर्षाला दोन हंगाम निवडा, फार तर तीन. लहान टीमला त्याहून जास्त झेपलेले मी पाहिलेले नाहीत. निवडताना प्रश्न एकच विचारायचा: आपण जे देतो ते लोक या काळात एरवीपेक्षा जास्त मागतात का? उत्तर 'नाही' असेल तर तो दिवस सोडून द्या, मग इतर सगळे पोस्ट टाकत असले तरी.

हंगाम म्हणजे सणच, असंही नाही. हवामान बदलणं, प्रवेशप्रक्रिया, परीक्षा, सुट्ट्या, आर्थिक वर्षाची अखेर, सभासदत्वाचं नूतनीकरण हे सगळे हंगामच. संस्थांना जागतिक दिवस उपयोगी पडतात: २२ मार्चचा जल दिन, ५ जूनचा पर्यावरण दिन, १४ जूनचा रक्तदाता दिन. देणग्या मागणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला 'गिव्हिंग ट्यूजडे' आता अनेक देशांत पाळला जातो; अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरचा तो मंगळवार.

मागणी नेमकी कधी सुरू होते, हे दोन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण तुमचा स्वतःचा इनबॉक्स. गेल्या हंगामातले मेसेज, ईमेल, मिस्ड कॉल उघडा आणि पहिली चौकशी कोणत्या तारखेला आली, जास्तीत जास्त चौकश्या कोणत्या आठवड्यात आल्या, 'आता मिळेल का' विचारणारा शेवटचा माणूस कधी आला, हे कागदावर उतरवा. काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो. पण तुमच्याबद्दलची इतकी खरी माहिती बाहेर कुठेही विकत मिळणार नाही.

दुसरं ठिकाण गूगल ट्रेंड्स. लोक गूगलवर काय शोधतात, त्याचा २००४ पासूनचा कल तिथे दिसतो. ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात; निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू १०० धरून बाकीचे मोजलेले असतात. बहुतेक जण शिखर बघतात आणि त्या आठवड्यात मोहीम लावतात. तुम्ही रेघ जिथून चढायला लागते ती जागा बघा.

सावधान: तारखा सरकतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येतो, रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. त्यामुळे 'गेल्या वर्षी याच तारखेला' ही तुलना फसवी ठरते. तुलना 'सणाआधीचा तिसावा दिवस' अशा हिशेबानं करा. आणि तुमचे ग्राहक दोन गोलार्धांत असतील, तर डिसेंबरात निम्म्यांकडे उन्हाळा असतो हे विसरू नका.

## टप्पा २: उलटं मोजा

समजा, वस्तूवर नाव कोरून देणारा भेटवस्तूंचा छोटा व्यवसाय आहे. सणाचा दिवस म्हणजे शून्य. आता मागे मागे चला.

वस्तू किमान २ दिवस आधी हातात पडायला हवी. कुरिअरला एरवी ४ दिवस लागतात, गर्दीच्या दिवसांत ६ धरा. म्हणजे पार्सल ८ दिवस आधी निघायला हवं. कोरणं, पॉलिश, पॅकिंग यांना ३ दिवस, म्हणजे ११. एखाद्याच्या नावातली वेलांटी चुकते, ते पुन्हा करायला २ दिवस राखीव, म्हणजे १३. झालं: सणाआधी १३ दिवस ही तुमची ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख.

इनबॉक्स सांगतो की पहिल्या चौकश्या ५ आठवडे आधी येतात, म्हणून पहिली पोस्ट ४० दिवस आधी. त्यासाठी सगळा मजकूर ४७ दिवस आधी तयार हवा, फोटो ५५ दिवस आधी काढलेले हवेत, आणि फोटोसाठी नमुना-वस्तू त्याच्याही आधी बनलेली हवी. विचार करायला बसायचं ते साधारण ७० दिवस आधी.

आता सणाच्या दिवशीचं ते शुभेच्छांचं पोस्टर आठवा. ऑर्डर घेणं १३ दिवसांपूर्वीच बंद झालेलं असतं.

संस्थांचं गणित वेगळं, पण उलटंच. रक्तकेंद्राचं उदाहरण घ्या. १४ जूनला मोठं शिबिर करून सगळे दाते एकाच दिवशी बोलावले की फोटो छान येतात. पण तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ ते ७ दिवस. शिवाय एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे, काही ठिकाणी काही महिने, पुन्हा देता येत नाही. म्हणजे त्या दिवशी साठा भरून वाहतो आणि दीड-दोन महिन्यांनी, टंचाईच्या वेळी, बोलवायला दाते उरत नाहीत. इथे उलटं मोजायचं ते टंचाईच्या आठवड्यापासून. १४ जूनच्या पोस्टमध्ये 'आज या' म्हणायचं नाही. पुढच्या आठ आठवड्यांतली वेळ आजच नोंदवा, असं म्हणायचं. दिवस निमित्तापुरता.

तपासा: तीन तारखा भिंतीवर लावल्या का? पहिली पोस्ट, शेवटची ऑर्डर किंवा नोंदणी, आणि साफसफाईचा दिवस (तो टप्पा ८ मध्ये येईल). पहिल्या पोस्टची तारीख आत्ताच उलटून गेली असेल तर मोठी मोहीम या हंगामापुरती सोडा. जुन्या ग्राहकांना व्यक्तिशः मेसेज करा, जाहिरातींवर पैसे घालू नका.

## टप्पा ३: झेपेल किती, ते आकड्यात लिहा

हा टप्पा छोटा आहे, पण भांडणं यावरूनच होतात. दिवसाला किती ऑर्डर पुऱ्या करता येतील? मेसेजना उत्तर कोण देणार, किती ते किती? तो माणूस आजारी पडला तर कोण? दिवसाला २० ऑर्डर झेपत असतील आणि मोहिमेनं ६० आणल्या, तर उरलेले ४० जण कमेंटमध्ये लिहायला येतात. त्या कमेंट पुढच्या हंगामापर्यंत तिथेच राहतात.

कुरिअरवाल्यांना, छपाईवाल्यांना, गोदामाला तुमच्या तारखा आत्ताच कळवा. ही मंडळी मोहिमेच्या बाहेरची मानली जातात आणि मोहीम बहुतेक वेळा त्यांच्याच दारात तुंबते.

## टप्पा ४: खाती, लिंका, मोजमाप

कुणालाच आवडत नाही असा टप्पा. एकही पोस्ट बनवण्याआधी हा संपवा.

खात्याच्या चाव्या. प्रत्येक पेजला किमान दोन ॲडमिन असावेत आणि दोघांकडेही दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागणारी) चालू असावी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर पेज अडकलंय, हे हंगामाच्या पहिल्या दिवशी कळणं फार महागात पडतं. गर्दीच्या काळात 'तुमच्या पेजनं कॉपीराइट मोडलाय, २४ तासांत इथे क्लिक करा' असे खोटे मेसेजही वाढतात. टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: अशी लिंक उघडायची नाही, आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन पाहायचं.

जाहिरात खातं. कार्डाची मुदत कधी संपते? खर्चाची मर्यादा लावलेली आहे का? खात्याचा टाइम झोन कोणता? 'ऑफर आज मध्यरात्रीपर्यंत' असं लिहिलंत आणि खातं दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल, तर जाहिरात काही तास आधी बंद होते किंवा संपलेली ऑफर दाखवत राहते.

लिंका. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी यूटीएम लिंक (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण जोडलेली लिंक) बनवा, म्हणजे विक्री रीलमधून आली, स्टोरीतून की ईमेलमधून ते कळेल. इथली नेहमीची चूक मी स्वतः केलेली आहे. वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गूगल ॲनालिटिक्स रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतं. आमच्यातल्या एकानं 'इन्स्टाग्राम' लहान अक्षरात लिहिलं, दुसऱ्यानं पहिलं अक्षर मोठं केलं, आणि एकाच मोहिमेचे आकडे दोन ओळींत फुटले. महिनाभर आम्ही त्यातली एकच ओळ बघून रील चालत नाहीत म्हणत होतो. तेव्हापासून नियम: सगळी लहान अक्षरं, मोकळी जागा नाही, आणि लिंका एकाच माणसानं बनवायच्या.

जुना डेटा. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये सविस्तर विश्लेषणासाठीचा डेटा साठवण्याची मुदत सुरुवातीला २ महिने असते. मोफत खात्यात ती १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. हंगामी काम करणाऱ्यानं ही सेटिंग आजच बदलावी. २ महिन्यांवर राहिली तर पुढच्या वर्षी मागच्या हंगामाशी खोलात तुलना करायला हातात काही नसेल, आणि एकदा पुसलेलं परत येत नाही.

मेसेजची यादी. व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याच्या यादीत) २५६ जण बसतात, आणि मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. हे माहीत नसल्यामुळे 'पाठवलं तर होतं' आणि 'मिळालंच नाही' असं होतं. नंबर सेव्ह करायला सांगण्याचं काम हंगामाच्या दोन महिने आधीचं. आणि यादीत फक्त ज्यांनी स्वतःहून होकार दिलाय तेच. कुठून तरी मिळालेले नंबर घातलेत तर लोक ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद पडतो.

तपासा: स्वतःच्या फोनवरून, ऑफिसचं वायफाय बंद करून, लिंक उघडा आणि खरोखर एक ऑर्डर किंवा नोंदणी शेवटपर्यंत करून पाहा. हे काम ऑफिसमधल्या सगळ्यात कमी तंत्रज्ञान कळणाऱ्या माणसाला दिलंत तर उत्तम. तो जिथे थांबतो तिथे ग्राहकही थांबणार.

## टप्पा ५: मजकूर बनवा, पण कामाच्या क्रमानं

तीस पोस्टांचं कॅलेंडर आधी आखू नका. आधी लोकांच्या मनातले प्रश्न लिहा. आपल्या उदाहरणात ते असे: नाव कोणत्या लिपीत कोरता येतं? किती अक्षरं बसतात? चुकलं तर? शेवटची तारीख कोणती? परगावी पाठवता का? आवडलं नाही तर परत घेता का? प्रत्येक प्रश्नाची एक पोस्ट. झाली निम्मी मोहीम, आणि एकही शुभेच्छा अजून दिलेली नाही.

मग पोस्टांची वाटणी काळानुसार करा.

सुरुवातीच्या दोन आठवड्यांत विकायचं नाही, आठवण द्यायची. नमुने, बनवतानाची रील, 'यंदा कुणाला काय द्यायचं ठरवलंत' असा प्रश्न. या काळात मिळवायचं ते एकच: सेव्ह, फॉलो, यादीत नाव.

मधल्या काळात वरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, जुन्या ग्राहकांचे अनुभव, किंमत. किंमत लपवून 'डीएम करा' लिहिण्याची सवय सोडा. इनबॉक्स भरतो खरा, पण 'किती?' एवढंच विचारून गप्प होणाऱ्यांनी, आणि खरा ग्राहक त्या ढिगाखाली सापडत नाही.

शेवटच्या आठवड्यात फक्त तारीख. 'लवकरच संपत आहे' नव्हे, वार आणि तारीख. आणि ती तारीख खरी असू द्या. मुदत संपल्यावर 'लोकाग्रहास्तव आणखी तीन दिवस' केलंत की पुढच्या वर्षी तुमच्या मुदतीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटच्या तारखेनंतर सणापर्यंत ते १३ दिवस उरतात. इथे शुभेच्छा शोभतात. काही झटपट देता येण्यासारखं असेल, उदाहरणार्थ ईमेलनं जाणारं गिफ्ट कार्ड, तर उशिरा आलेल्यांसाठी ते याच दिवसांत मांडा.

आता तांत्रिक बाबी, ज्या वारंवार चुकतात:

- रील आणि स्टोरी उभ्या, १०८० बाय १९२० पिक्सेल. वरच्या आणि खालच्या पट्टीत ॲपची बटणं येतात, म्हणून तारीख आणि किंमत मधल्या भागात ठेवा. 'शेवटची तारीख' हे शब्द लाइकच्या बटणाखाली गेलेली रील मी पाहिली आहे.
- इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये द्या.
- गाणं. बिझनेस खात्याला वैयक्तिक खात्याइतकी संगीताची मुभा नसते. गाजणारं गाणं लावून बनवलेल्या रीलचा आवाज ऐन वेळी बंद होऊ शकतो. व्यावसायिक वापरासाठी मोकळं ठेवलेलं संगीतच घ्या. मेटाचं (फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचं) साउंड कलेक्शन आणि टिकटॉकचं कमर्शिअल म्युझिक लायब्ररी त्यासाठीच आहेत.
- आवाज बंद ठेवून बघणारे भरपूर असतात. बोललेलं पडद्यावर अक्षरांतही दिसू द्या, आणि आपोआप आलेली सबटायटल एकदा डोळ्याखालून घाला.
- फोटोतल्या माणसांची लेखी परवानगी. मुलांचे, रुग्णांचे, लाभार्थ्यांचे फोटो वापरणाऱ्या संस्थांनी यात जराही ढिलाई करू नये.
- पैसे किंवा वस्तू देऊन कुणाकडून पोस्ट करून घेत असाल, तर ती जाहिरात असल्याचं पोस्टमध्ये स्पष्ट दिसायला हवं. बहुतेक देशांत हा नियमच आहे.

सावधान: गेल्या वर्षीची फाइल उघडून त्यात बदल करू नका. वर्ष, वार, फोन नंबर यांपैकी एक तरी जुनं राहतंच. नवी फाइल घ्या, आणि तारखांची तपासणी डिझाइन न केलेल्या माणसाकडून करून घ्या. बनवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

## टप्पा ६: जाहिरातीचा पैसा आधी पेरा

हंगामाच्या शिखरावर सगळेच जाहिराती लावतात. जाहिरातीची जागा लिलावानं विकली जाते, त्यामुळे बोली लावणारे वाढले की त्याच माणसापर्यंत पोचायला जास्त पैसे पडतात. लहान व्यवसायानं अनोळखी लोकांपर्यंत पोचण्याचा खर्च शिखराच्या आधी, स्वस्ताईत करावा. शिखराच्या आठवड्यात पैसे फक्त ओळखीच्यांवर: ज्यांनी रील पाहिली, वेबसाइटवर येऊन गेले, यादीत नाव दिलं.

मेटाच्या जाहिरात यंत्रणेला शिकायला वेळ लागतो. एका ॲड सेटला (एकच प्रेक्षक आणि बजेट असलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवडाभरात साधारण ५० परिणाम, म्हणजे ऑर्डर किंवा तुम्ही निवडलेली दुसरी कृती, मिळाले की यंत्रणेचा अंदाज स्थिरावतो. यातून बजेटचं साधं गणित निघतं. एका ऑर्डरमागे १०० खर्च येत असेल, तर आठवड्याला ५,००० एकाच ॲड सेटला हवेत. तेवढे नसतील तर पाच ॲड सेटमध्ये हजार-हजार वाटू नका, एकच ठेवा. किंवा ऑर्डरऐवजी त्याआधीची पायरी, म्हणजे 'कार्टमध्ये टाकलं' किंवा 'मेसेज केला', हे उद्दिष्ट धरा.

आणि हात आवरा. प्रेक्षक, चित्र, उद्दिष्ट यांत मोठा बदल केला की शिकणं पुन्हा शून्यापासून. रोज रात्री उघडून थोडं इकडे, थोडं तिकडे करणाऱ्याची जाहिरात पूर्ण हंगामभर शिकतच राहते.

जाहिरातींची तपासणी बहुधा २४ तासांत होते, पण गर्दीत जास्त वेळही लागतो, आणि नाकारली तर दुरुस्तीला आणखी वेळ. सुरू होण्याची तारीख पुढची टाकून जाहिरात चार दिवस आधी जमा करा. दैनंदिन बजेट लावलं असेल तर एखाद्या दिवशी ठरवल्यापेक्षा जास्त कापलेलं दिसेल; हिशेब आठवड्याचा बघा.

आकडे वाचताना एक खाच लक्षात ठेवा. मेटाची नेहमीची मोजणी क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर १ दिवस अशी असते. ४० दिवस आधी जाहिरात पाहून ज्यानं २५ दिवसांनी ऑर्डर दिली, तो त्या जाहिरातीच्या खात्यात येत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात 'ऑर्डर शून्य' दिसलं की घाबरून बंद करू नका. त्यातच एप्रिल २०२१ पासून, आयओएस १४.५ आल्यावर, आयफोनवरच्या ॲपना माग ठेवण्याआधी परवानगी विचारावी लागते आणि पुष्कळ जण ती देत नाहीत. यावर जुनाच उपाय चालतो: ऑर्डरच्या फॉर्ममध्ये 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' हा एक प्रश्न.

सावधान: 'बूस्ट' हे निळं बटण सोपं आहे म्हणून दाबलं जातं. लाइक जास्त आलेली पोस्ट बूस्ट केली की आणखी लाइक मिळतात. विक्री हवी असेल तर मेटाच्या ॲड्स मॅनेजर या जाहिरात-साधनात जाऊन उद्दिष्ट विक्रीचं निवडा.

## टप्पा ७: शेड्यूल लावा, आणि थांबवायचं कुणी तेही ठरवा

सगळ्या पोस्ट एकदम शेड्यूल करू नका. दोन आठवड्यांच्या लावा, पुढच्या तयार ठेवा. पहिल्या पोस्टांवर आलेले प्रश्न पुढच्यांत बदल करायला लावतातच.

शेड्यूलचा खरा धोका वेगळा आहे. मोठी दुर्घटना, दंगल, पूर. सगळीकडे त्याच बातम्या, आणि तुमच्या पेजवर ठरल्या वेळी फटाक्यांसारख्या इमोजींसह 'धमाका ऑफर' अवतरते. पोस्ट कुणी बनवली, कधी बनवली हे लोक विचारत नाहीत. म्हणून एका माणसाला नावानिशी अधिकार द्या: त्यानं कुणालाही न विचारता सगळं शेड्यूल आणि जाहिराती थांबवाव्यात. चर्चा नंतर. त्याला हे फोनवरून करता येतं का, याची एकदा रंगीत तालीम घ्या. शेड्यूल केलेल्या पोस्ट एकीकडे, जाहिराती दुसरीकडे, स्वयंचलित मेसेज तिसरीकडे असतात. तिन्ही जागांची यादी त्याच्या फोनमध्ये हवी.

हंगाम सुरू झाला की दिवसाचा बहुतेक वेळ इनबॉक्सला द्या, नव्या पोस्टला नाही. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून साठवता येतात. रात्रीसाठी अवे मेसेज लावा, पण त्यात 'लवकरच संपर्क करू' न लिहिता 'उद्या सकाळी १० नंतर उत्तर मिळेल' असं लिहा. माल संपला तर त्याच तासाला जाहिरात बंद, प्रोफाइलवर सूचना आणि पिन केलेल्या पोस्टवर कमेंट. रागावलेल्या कमेंट पुसू नका. उत्तर सर्वांसमोर द्या, तपशील मात्र खासगी मेसेजमध्ये घ्या. ऑर्डर क्रमांक आणि पत्ता कमेंटमध्ये मागणारी पेज अजून दिसतात.

## टप्पा ८: साफसफाई आणि नोंद

शेवटची तारीख उलटली त्याच रात्री: जाहिराती बंद झाल्याची खात्री, पिन केलेली पोस्ट काढणं, प्रोफाइलमधली लिंक आणि ओळ बदलणं, कव्हर फोटो बदलणं, ऑफरचं पान बंद न करता 'या हंगामाची नोंदणी संपली, पुढच्या वेळी कळवू का?' असा फॉर्म लावणं. पानाचा पत्ता दरवर्षी तोच ठेवा, त्यात वर्ष घालू नका. जुन्या लिंका कामी येत राहतात.

हायलाइट हमखास राहून जातात. स्टोरी २४ तासांत जाते, हायलाइट मात्र आपण काढेपर्यंत तिथेच बसते. हंगाम संपून पाच महिने झाल्यावर एक बाई हायलाइटचा स्क्रीनशॉट घेऊन सवलत मागायला आल्या होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. द्यावी लागली.

नोंदीसाठी तीन दिवसांच्या आत तासभर बसा. नंतर आठवणी गोड होतात. लाइक आणि रीच लिहायला हरकत नाही, पण त्याआधी हे लिहा: पहिली चौकशी कधी, पहिली ऑर्डर कधी, किती ऑर्डर उशिरा आल्यामुळे नाकारल्या, कोणता प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, कोणत्या दिवशी इनबॉक्स हाताबाहेर गेला, 'कुठे कळलं' याची उत्तरं काय आली. नाकारलेल्या ऑर्डरचा आकडा मोठा असेल तर पुढच्या वर्षी पहिली पोस्ट आणखी आठवडाभर आधी टाका. किंवा शेवटची तारीख जास्त वेळा आणि ठळकपणे सांगायला हवी होती, असं समजा.

मग सणाची पुढच्या वर्षीची तारीख काढा, त्यातून ७० दिवस वजा करा, आणि जो दिवस येईल तो दोन ॲडमिनच्या कॅलेंडरमध्ये टाका. सोबत या वर्षीच्या नोंदीची फाइल जोडा.